तिसरी खाच

आमच्या शाळेतले सुतारकामाचे सर माणसाच्या तोंडाकडं बघून कधी बोलले नाहीत. त्यांची नजर कायम गुडघ्यावर. नवा माणूस दिसला की आधी त्याचा गुडघा बघायचा, मग पायाखालची जमीन, मग पुन्हा गुडघा, आणि मनाशी काहीतरी जुळवून झालं की मग 'नमस्कार' म्हणायचं, असा त्यांचा रिवाज. बायका बिचकायच्या. एकदा एका पालकानं यावरून भांडण काढलं तर सर त्याला शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या मंडळीकडं बघायलो न्हाई. तुमच्या घरच्या उंबऱ्याकडं बघायलो. ह्यांचा गुडघा सांगायलाय, तुमचा उंबरा लय उंच हाय."

तो पालक भांडण विसरून घरी गेला, उंबरा मोजून आला. उंबरा चांगला बेतशीर होता, बाई आदल्या दिवशी विहिरीवर घसरली होती. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. सर छत्री उचलून विहिरीच्या पायऱ्या बघायला गेले.

पोरं त्यांना मागं 'पायरीसर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. उंच, हाडकुळे, खाकी पँट घोट्याच्या वर, खांद्याला कापडी पिशवी आणि त्या पिशवीत दोन विटा आणि काही पातळ फळकुटं. लोक पिशवीत पानाचा डबा ठेवतात, हे विटा ठेवायचे.

मी सोनपेठला रुजू झाले ते वर्ष नव्या आकृतिबंधाचं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी बोर्डाची झाली होती, गणिताची पुस्तकं बदलली होती आणि जुने गणिताचे मास्तर ती पुस्तकं बघून बदलीच्या मागं लागले होते. म्हणून तर माझ्यासारखीला जागा मिळाली. माझा उजवा पाय लहानपणीच्या तापात वाळला. सपाटीवर मी भल्याभल्यांना मागं टाकते, पण चढ आला की मांडीला हात लावून तो पाय उचलून वर ठेवावा लागतो. आणि शाळा भरायची निजामाच्या काळातल्या कचेरीत.

त्या कचेरीचा दगडी जिना कुणी बांधला देव जाणे. एकेक पायरी अशी उंच की चढताना गुडघा पोटाला लागावा, आणि रुंद अशी की तिच्यावर माणूस आडवा झोपावा. गावात सांगायचे, जुन्या काळी तहसीलदार घोड्यावरून थेट माडीवर जायचा. माझा यावर विश्वास नाही. घोडा इतका खुळा नसतो.

दहावीचा वर्ग त्या माडीवर. हा काही शाळेचा लेखी नियम नव्हता, पण नियमापेक्षा पक्का होता. 'पोरगं माडीवर गेलं' म्हणजे दहावीला गेलं, आणि त्या दिवशी घरी गुळाचं काहीतरी व्हायचं. आठवडी बाजाराला आलेल्या आया डोक्यावर पाटी घेऊन शाळेसमोर थांबायच्या आणि मान वर करून माडीच्या खिडकीत आपलं पोरगं दिसतंय का बघायच्या.

हेडमास्तर उर्दूतून शिकलेले, काळी टोपी, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, गैरसमज करून घेऊ नका. तकलीफ तुम्हालाच होणार. तुम्ही खाली पाचवी घ्या. दहावीच्या गणिताला मी परभणीहून दुसरा माणूस मागवतो."

पाचवीला शिकवायला मला कमीपणा नव्हता. पण माझी नेमणूक दहावीच्या गणितावर होती. दुसरा माणूस आला की मी जादा ठरणार आणि जादा ठरले की घरी. घरी दादा वाटच बघत होता. निघताना त्यानं मला एस.टी.त बसवून सांगितलं होतं, "जाऊन ये, हौस फिटू दे." ते 'ये' माझ्या कानात अजून आहे. मी हेडमास्तरांना म्हणाले की मी वरच शिकवणार. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, "ठीक. दिवाळीपर्यंत बघू."

खोलीतून बाहेर पडले ती तडक जिन्याशी गेले. पहिल्या पायरीपाशी उभी राहून मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होते तोच मागून आवाज आला, "थांबा बाई. त्या दगडाला सवय झालीया माणसं बेजार करायची."

वळून बघते तर हा लांबडा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसलेला, नजर माझ्या साडीच्या निऱ्यांच्या खाली, आणि हातात वीट. मी संतापले. मी म्हणाले, "काय चाललंय?"

"पाय ठेवा बरं." त्यांनी वीट माझ्यासमोर मांडली.

का ठेवला ते सांगता येत नाही, पण ठेवला. त्यांनी विटेवर एक फळकूट टाकलं. पुन्हा ठेवला. आणखी एक. मग दुसरी वीट. "जमायलंय का?"

"जमतंय."

"आता?"

"जमतंय," मी दात खाऊन म्हणाले.

सर विटांवरून नजर न काढता म्हणाले, "बाई, तुमचं तोंड खोटं बोलायलंय. पाय काय म्हणायलाय, ते सांगा."

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. लोक एक तर पायाकडं बघायचं टाळायचे, नाहीतर अरेरे म्हणायचे. या माणसाला माझी दया आली नव्हती, त्याला फक्त उंची हवी होती. मी दुसऱ्या विटेखालच्या फळकुटाकडं बोट दाखवून म्हणाले, "बस. इथपर्यंतच." त्यांनी मान डोलावली, दुसरी वीट काढून उरलेली उंची मोजली, सगळं पिशवीत टाकलं आणि निघून गेले. नाव, गाव काही विचारलं नाही.

त्यांच्या घरी पुढं माझं जाणं-येणं झालं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि बाकी सगळीकडं पायऱ्या. चुलीपाशी वेगळी, रांजणापाशी वेगळी, परसात जाताना वेगळी, आणि एकही जागची पक्की नाही. प्रत्येक पोराची पायरी निराळी. वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लोकाच्या घरी पाव्हण्याला आधी पाणी देतेत. आमच्यात आधी पायरी इच्यारतेत." पण धान्याचं मडकं काढायला त्या उठल्या की पाय न बघता नेमक्या आपल्या पायरीवर पडायचा.

हे वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं तर सर दर वेळी वेगळं कारण सांगायचे. एक वाक्य मात्र ठरलेलं. "पायरी काय देवानं केलेली न्हाई. गवंड्यानं केलेली हाय. आन् गवंड्याचं चुकू शकतं." हे म्हणताना ते नेहमीपेक्षा जरा हळू बोलायचे. गावाच्या कुठल्या कडेला त्यांचं लहानपण गेलं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढं कुणी विचारायचं नाही.

त्यांचं सगळंच जमायचं असं नाही. चुडावा ही त्यांची सासुरवाडी. तिथं रेल्वे थांबते, पण तेव्हा फलाट म्हणजे नुसता मुरूम, आणि डब्याची पायरी म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला. सरांनी सासूबाईंसाठी तीन खोकी केली. एकात एक बसणारी, म्हणजे एका हातात नेता येतील. फलाटावर मांडली की झाला जिना. सासूबाई राणीसारख्या चढल्या. सर खाली खोकी गोळा करायला लागले. लहान मधल्यात गेलं, मधलं मोठ्यात तिरपं अडकलं, ते सरळ करेपर्यंत गाडी सुटली. सासूबाई गाडीत, जावई फलाटावर आणि दोघांची तिकिटं जावयाच्या खिशात. पूर्णेला तिकीट तपासनिसानं धरलं तेव्हा म्हातारीनं त्याला सांगितलं म्हणे, "जावई मागं ऱ्हायलाय, पायऱ्या गोळा करायलाय."

हा किस्सा शाळेत सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण सर स्वतःच तो सांगायचे. फक्त शेवट त्यांचा वेगळा असायचा. "खोकी बरोबर हुती. दोरी ऱ्हायली." पुढच्या खेपेला प्रत्येक खोक्याला दोरी होती, आधी आपण चढायचं आणि मग जिना वर ओढून घ्यायचा. चूक झाली की ते माणसाला दोष द्यायचे नाहीत, स्वतःला तर मुळीच नाही. वस्तूला काय कमी पडलं तेवढं बघायचे.

माझ्या विटांना आठवडा झाला असेल. सकाळी शाळेत आले तर दगडी जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूला प्रत्येक पायरीवर एकेक लाकडी खोकं बसवलेलं. दगडाच्या बरोब्बर अर्ध्या उंचीचं. म्हणजे एका पायरीच्या दोन झालेल्या. खोकं हलू नये म्हणून मागं पाचर मारलेली, आणि भिंतीला धरायला सुताचा जाड दोर. मी चढले. मांडीला हात न लावता चढले. वर जाऊन फळ्यावर तारीख लिहिली आणि खिडकीतून खाली बघितलं तर सर पटांगणात उभे, दुसरीकडं बघत. मला इतका आनंद झाला होता की त्या तासाला मी पोरांना एकही गणित घातलं नाही, नुसतं बीजगणित किती सुंदर असतं यावर बोलले. पोरं घाबरली.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. शेवटचा तास पुन्हा वर. दिवसभर उभं राहून पाय शिसासारखा जड झालेला. अर्ध्या जिन्यात माझा पाय खोक्याच्या कडेला अडला आणि मी दोराला लोंबकळले. सकाळी जे सोपं होतं तेच आता होईना. रोज तेच व्हायला लागलं. तिकडं हेडमास्तरांच्या खोलीचं दार नेमकं जिन्यासमोर, आणि ते रोज दुपारी मान खाली घालून काहीतरी वाचत असल्याचं दाखवायचे.

मी सुतारकामाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सकाळच्या पायाचं माप घेतलंय. माझा संध्याकाळचा पाय वेगळा असतो."

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि त्या वर्षात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "म्हंजे माणूस दिवसभर एका उंचीचा नसतोय," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "इतकी वर्सं मी खोकी ठोकायलो. खोकं ठोकायचंच नव्हतं." आणि त्यांनी भिंतीला टेकवलेलं एक खोकं उचलून त्याचे खिळे उपसायला सुरुवात केली. मी दारात उभी होते हे ते विसरूनच गेले.

नव्या गोष्टीला खोकं म्हणता येत नव्हतं. दोन उभ्या बाजू, आतून खाचा पाडलेल्या, आणि त्या खाचांतून सरकणाऱ्या फळ्या. सकाळी मधल्या खाचेत एक फळी. दुपारच्या सुट्टीत ती काढायची, दुपारच्या जोडखाचेत एक फळी थोडी वर आणि दुसरी खाली बसवायची, की दगडाच्या एका पायरीच्या तीन व्हायच्या. जिना इतका रुंद होता म्हणून हे जमलं, नाहीतर पाय ठेवायला जागाच उरली नसती. प्रत्येक चौकट सुटी. एक चौकट हौदाच्या तोटीखाली नेऊन ठेवली की पहिलीतल्या पोरांचे हात पाण्याला पुरायचे, स्टेजपाशी ठेवली की पाहुणे चढायचे. फळ्या बदलायचं काम दहावीनं आपण होऊन घेतलं, कारण माडी त्यांची होती.

मी वाकून चौकट बघत होते. सकाळची एक खाच, दुपारची जोडखाच, आणि त्यांच्याही खाली, जमिनीलगत, आणखी एक खाच होती. तिला फळीच नव्हती. मी म्हणाले, "सर, ही तिसरी खाच चुकून पडली का? माझा पाय एवढा काही बिघडलेला नाही."

"तुमच्यासाठी न्हाई ती."

"मग कुणासाठी?"

"मला काय ठावं," ते म्हणाले आणि पाचर शोधायला लागले.

दिवाळी जवळ आली. सुट्टीनंतर तपासणी होती, वरून साहेब येणार होते. हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की जिन्यावरचं सुतारकाम काढून घ्यावं, साहेबांना शाळा दिसली पाहिजे, लाकडाची वखार नव्हे. मग माझ्याकडं वळून आवाज आणखी मऊ केला. "बाई, तुमची मेहनत मी पाहतोय. पण रोज दुपारी तुमच्याकडं बघवत नव्हतं. परभणीला मी कळवणार आहे."

मी म्हणाले, "साहेब, ते आधीचं. आता मी चढते."

"फळ्यांवर चढता," ते म्हणाले. "शाळा फळ्यांवर चालत नाही."

एका शिक्षकानं भल्या मनानं सुचवलं की दहावीच खाली आणू, बाईंची सोय होईल. मी तोंड उघडायच्या आत सर उठले. "दहावी खाली आणायची न्हाई. आज बाईंसाठी वर्ग खाली आणला, की उद्या सगळेजण म्हणतेत बाईंमुळं माडी गेली. परवा बाई घरी. वर जायचं ठरलंय तर वरच जायाचं." मग हेडमास्तरांना म्हणाले, "काढतो. तुमचा हुकूम हाय. पण काढायच्या आधी एकदा माझ्या खोलीत या. एक जिना दाखवायचाय."

हेडमास्तर गेले. मागून आम्ही सगळे. खोलीच्या मधोमध सरांनी शाळेतल्या सगळ्या चौकटी एकावर एक रचल्या होत्या आणि त्याचा एक जिना केला होता. पण असला जिना मी कधी पाहिला नव्हता. पहिलीच पायरी हेडमास्तरांच्या कमरेला लागत होती, तिच्यापुढची तेवढीच, आणि तिच्यापुढचीही तेवढीच.

"हे काय?" हेडमास्तर म्हणाले.

"बाईंचा जिना," सर म्हणाले. "बाईंच्या पायाला तो दगड जेवढा उंच, तेवढी ही तुमच्या पायाला. हिशोबानं केलीया. साहेब, चढून बघा. वर दहावीचा वर्ग हाय असं समजा."

हेडमास्तर नाही म्हणू शकले असते. पण ते खानदानी माणूस होते, सगळ्या मास्तरांसमोर मागं कसं फिरायचं. त्यांनी टोपी नीट केली, दोन्ही हात पहिल्या पायरीवर टेकले आणि कसाबसा गुडघा वर घेतला. मग उभे राहिले. दुसरी. दुसरीला त्यांनी आपल्याच मांडीला हात लावून पाय उचलला. माझ्यासारखा. ते त्यांना कळलं, कारण त्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. तिसरीपाशी ते थांबले, वळले आणि धपकन बसले. पाय हवेत लोंबत होते. टोपी तिरकी झाली होती. कुणी हसलं नाही.

सर म्हणाले, "हे रोज, साहेब. दोनदा."

मी आजवर पुष्कळ मोठी माणसं मोठ्या खुर्च्यांत बसलेली बघितली, पण मला हेडमास्तरांचा आदर वाटतो तो त्या पायरीवरचा. ते म्हणाले, "फळ्या राहू द्या." आणि टोपी सरळ करत, "परभणीला काही कळवत नाही." मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "आता मला उतरवा कुणीतरी." सरांनी पुढं होऊन एका चौकटीत फळी सरकवली. हेडमास्तर तिच्यावर पाय ठेवून उतरले आणि चहाला चला म्हणाले.

तपासणीचे साहेब आले, जिन्यावर लाकूड का आहे असं त्यांनी विचारलंच. हेडमास्तर म्हणाले, "आमच्या शाळेची पद्धत आहे." दहावी माझ्याकडं राहिली. उन्हाळ्यात दादाचं बोलावणं आलं तेव्हा मी कळवलं की सुट्टीत येते, चार दिवस राहीन आणि परत जाईन.

सर निवृत्त होऊन चुडाव्याला सासूबाईंच्या शेतावर राहायला गेले. जाताना आम्ही त्यांना शाल दिली. त्यांनी ती खांद्यावर टाकली, माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चालायलंय." बस्स, एवढाच निरोप. पुढं कुणी त्या बाजूनं आलं की सांगायचं, तिथल्या स्टेशनमास्तरच्या खोलीबाहेर दोरी बांधलेली खोकी असतात, म्हातारीकोतारी माणसं चढली की हमाल दोरी ओढून घेतो. एकदा सांगणाऱ्यानं सांगितलं की सर गेले. मी तेव्हा माडीवर दहावीला प्रमेय शिकवत होते. ते पूर्ण केलं, मग खाली येऊन सुतारकामाच्या खोलीत एकटीच बसले आणि खूप रडले.

त्याच वर्षी जूनमध्ये एक बाई बाजाराच्या दिवशी शाळेत आली. डोक्यावर पाटी तशीच, हाताला मुलगी. मुलीच्या दोन्ही पायांत जोर नव्हता, काखेत काठ्या. नववी पास झाली होती, गुण चांगले होते. बाई जिन्याकडं बघत मला म्हणाली, "बाई, लोक म्हणतेत इथं दहावी माडीवर असती. माझी पोरगी ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. मी नुसतं इच्यारायला आले."

मी तिला पाटी खाली ठेवायला सांगितलं. सुतारकामाच्या खोलीतून सरांची कापडी पिशवी आणली, ती ते मागंच ठेवून गेले होते. पायाचं न ऐकता मी खाली बसले आणि मुलीसमोर वीट मांडली.

"पाय ठेव बरं."

तिनं ठेवला. मी फळकूट टाकलं.

"जमतंय," ती म्हणाली. ओठ घट्ट आवळलेले.

मी म्हणाले, "तुझं तोंड खोटं बोलायलंय. पाय काय म्हणतोय?"

ती रडायच्या बेतात आली, मग रडली नाही. मी फळकूट काढलं, वीटही काढली आणि नुसती दोन फळकुटं ठेवली. तिनं काठ्यांवर भार टाकून पाय उचलला, ठेवला, आणि पहिल्यांदा नीट श्वास सोडला. "बस," ती म्हणाली. "इथपर्यंत."

दहावीच्या पोरांना मी फळ्या आणायला सांगितल्या. मधल्या काळात वाळवीनं जुनी लाकडं खाल्ली होती, चौकटी सुतारकामाच्या तासाला पुन्हापुन्हा नव्या झाल्या होत्या. पण मुलं मापं जुन्यावरून घ्यायची, त्यामुळं जमिनीलगतची ती मोकळी खाच प्रत्येक नव्या चौकटीत कुणी न विचारता पडत आली होती. मी पहिल्या चौकटीपाशी बसले आणि दुपारच्या दोन फळ्यांच्या खाली, त्या मोकळ्या खाचेत, तिसरी फळी सरकवली. ती बरोबर बसली.

मुलगी वर जाईपर्यंत तिची आई खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. डोक्यावर पाटी, मान वर, नजर खिडकीवर.